फायनल फँटसी १३ पीसीवर मधेच बंद पडतो: पुन्हा डाउनलोड करण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. अर्धा-पाऊण तास गेम नीट चालतो, मग खिडकी गायब होते आणि डेस्कटॉप समोर येतो. कधी पडदा काळा होऊन परत येतो, कधी अख्खा पीसीच बंद. ‘सगळं करून पाहिलं’ असंही सोबत लिहिलेलं असतं. त्या ‘सगळं’मध्ये बहुतेक वेळा ड्रायव्हर, डायरेक्टएक्स आणि शेवटी अनइन्स्टॉल एवढंच असतं. स्टीमवर, म्हणजे जिथून हा गेम विकत घेऊन उतरवतात तिथे, या गेमला ६० जीबी जागा मागितली आहे. रोजच्या २ जीबी डेटावर जगणाऱ्या गावात तेवढं परत उतरवायला महिना जातो, आणि महिन्याने गेम त्याच ठिकाणी बंद पडतो. म्हणून अनइन्स्टॉलच्या बटणापासून आधी हात लांब ठेवा.

‘बंद पडला’ या एका शब्दात चार वेगळे आजार लपलेले असतात: मेमरी संपणं, ग्राफिक्स कार्ड तापणं, लाइन पडणं आणि हार्ड डिस्क खराब होणं. चौघांचं औषध वेगळं. कुठला आजार आहे ते विंडोज स्वतः लिहून ठेवतं, आपण ते वाचत नाही.

आधी इव्हेंट व्ह्यूअर

स्टार्ट दाबून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ टाइप करा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ उघडा. त्यातले ‘ॲप्लिकेशन’ आणि ‘सिस्टम’ हे दोनच भाग कामाचे. गेम बंद पडला ती वेळ घड्याळात बघून कागदावर लिहिलेली असली तर शोध दोन मिनिटांचा आहे.

‘ॲप्लिकेशन’मध्ये ‘ॲप्लिकेशन एरर’, क्रमांक १००० दिसला आणि त्यात गेमच्या एक्झीचं, म्हणजे मुख्य प्रोग्राम फाइलचं, नाव असलं, तर गेम स्वतःच कोसळला. खाली एक्सेप्शन कोड असतो. सी, मग सहा शून्यं, मग ५ असा तो असेल तर प्रोग्रामने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला. या गेममध्ये सगळ्यात जास्त हाच दिसतो. क्रमांक १००२ असेल तर गेम कोसळला नाही, गोठला.

‘सिस्टम’मध्ये ‘डिस्प्ले’, क्रमांक ४१०१ म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर उत्तर देईनासा झाला आणि विंडोजने तो उठवून पुन्हा सुरू केला. पडदा काळा होऊन परत येतो तो हाच प्रकार.

‘कर्नल-पॉवर’, क्रमांक ४१ म्हणजे पीसी नीट शटडाउन न होता गेला. इथे बरेच जण फसतात: ४१ ची नोंद पीसी परत चालू झाल्यावर पडते, त्यामुळे तिची वेळ बंद पडल्याची नसून चालू केल्याची असते. खरी वेळ हवी असेल तर त्याच्या आसपास ६००८ शोधा. ‘आधीचं शटडाउन अमुक वाजता अनपेक्षित झालं’ असं त्यात वेळेसकट लिहिलेलं असतं. दुपारी लाइन गेल्याची नोंद रात्रीच्या गेमच्या माथी मारू नका.

‘डिस्क’ या नावाने ७ किंवा १५३ दिसले तर गेमचा विचार सोडा आणि आधी घरचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, जे काही त्या डिस्कवर आहे ते दुसरीकडे कॉपी करा. ७ म्हणजे डिस्कवर खराब जागा सापडली, १५३ म्हणजे वाचताना परत परत प्रयत्न करावा लागला.

१०००: मेमरीची भिंत

हा गेम जपानात डिसेंबर २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला. त्या कन्सोलमध्ये मुख्य मेमरी २५६ एमबी आणि ग्राफिक्सची २५६ एमबी. पीसीवर तो ९ ऑक्टोबर २०१४ ला आला, तेव्हा फक्त १२८० बाय ७२० रिझोल्युशनमध्ये. लोकांनी बोंब मारल्यावर त्याच वर्षी डिसेंबरच्या पॅचमध्ये रिझोल्युशन, सावल्या आणि अँटी-अलायझिंग (चित्राच्या खडबडीत कडा गुळगुळीत करणं) निवडायची सोय झाली. वरचा रंग बदलला, आतलं घर तेच राहिलं: प्रोग्राम ३२ बिटचाच.

३२ बिट प्रोग्रामला विंडोज मुळात २ जीबी मेमरीचेच पत्ते देतं. तुमच्या पीसीत ८ जीबी रॅम असो की ३२, याच्या वाट्याला दोनच. त्यात डायरेक्टएक्स ९ च्या काळात ग्राफिक्स कार्डावर गेलेल्या बऱ्याच वस्तूंची एक प्रत प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीतही ठेवली जाई. रिझोल्युशन आणि अँटी-अलायझिंग वाढवलं की भिंत लवकर लागते. पहिल्या काही प्रकरणांत वाट अरुंद असते, म्हणून निभतं. अकराव्या प्रकरणात ग्रान पल्सचं मोकळं रान लागलं की एकापाठोपाठ एक बंद पडणं सुरू होतं. ‘इतके दिवस चांगला चालला, आता काय झालं’ याचं उत्तर एवढंच.

खात्री करायची असेल तर गेम फुलस्क्रीनऐवजी विंडोमध्ये चालवा. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’ टॅबवर जा, वरच्या रकान्यांवर राइट क्लिक करून ‘कमिट साइझ’ हा रकाना जोडा. २ जीबी म्हणजे २०,९७,१५२ के. आकडा १७-१८ लाखांच्या पुढे चढत जाऊन गेम पडत असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

उपाय दोन गोष्टी मिळून होतो. एक, एनटीकोरचा ‘४जीबी पॅच’. तो एक्झीमध्ये एक खूण बदलतो, मग ६४ बिट विंडोज त्या प्रोग्रामला ४ जीबीपर्यंत पत्ते देतं. दुसरी, ‘एफएफ१३फिक्स’ नावाचा मोफत मॉड, म्हणजे गेमवर बाहेरून लावायची दुरुस्ती, गिटहब या साइटवर मिळतो. नुसता पॅच लावून चालत नाही, कारण हा गेम स्वतःची एक्झी तपासतो आणि बदललेली दिसली की उघडत नाही. मॉड त्याला मूळ, न बदललेली प्रत दाखवतो. क्रम मोडू नका:

१. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’, ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी’. हे आधीच करायचं, नंतर नाही. कारण खाली येईल.

२. त्याच पानावरून ‘ब्राउझ’ दाबा. फोल्डरमध्ये व्हाइट डेटा, मग प्रॉग, मग विन, मग बिन असं आत जा. गेमची खरी एक्झी इथे आहे. तिच्या नावात एफएफ, मग एक्स, मग तीन आय आणि शेवटी ‘आयएमजी’ असतं. बाहेरची लाँचरची (गेमआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या खिडकीची) एक्झी ही नव्हे.

३. त्या एक्झीची तिथेच एक प्रत करा आणि नाव ‘अनटच्ड’ ठेवा. इंग्रजीत, सगळी अक्षरं छोटी, शेपूट एक्झीचं. विंडोजमध्ये फाइलचं शेपूट लपवलेलं असलं तर नाव बदलताना ‘डॉट एक्झी’ दोनदा लागतं आणि मग मॉडला ती सापडत नाही. आधी ‘व्ह्यू’मधून फाइल नेम एक्स्टेन्शन दिसतील असं करा.

४. आता ४जीबी पॅच उघडा आणि मूळ नावाची एक्झी दाखवा. प्रतीला लावायचा नाही.

५. मॉडच्या झिपमधल्या डीएलएल आणि आयएनआय फाइल्स त्याच बिन फोल्डरमध्ये टाका.

६. गेम एकदा चालवून बंद करा. त्या फोल्डरमध्ये मॉडची लॉग फाइल तयार झाली असेल तर मॉड लागला. नसेल तर पुढे जाऊ नका.

लॉग तयार होत नसेल तर बहुधा दोन कारणं. विंडोज डिफेंडरने डीएलएल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकलेली असते. ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’मध्ये बघा, आणि मॉड मूळ पानावरूनच घेतला असेल तरच ती परत आणा. यूट्यूबच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून आलेली डीएलएल असेल तर डिफेंडरचं ऐका. दुसरं कारण, मॉडला लागणारं व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल (मायक्रोसॉफ्टचं मदतीच्या फाइल्सचं पॅकेज) नसणं. विंडोज ६४ बिट असलं तरी गेम ३२ बिट आहे, म्हणून ‘एक्स८६’ लिहिलेलं लागतं; एक्स६४ लिहिलेलं टाकून उपयोग नाही.

विंडोजच ३२ बिटचं असेल तर पॅच लावूनही फरक पडणार नाही. जुन्या २-३ जीबी रॅमच्या मशीनवर हे अजून दिसतं. आणि विंडोज ७ असेल तर अडचण त्याही आधीची आहे: स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून ७, ८ आणि ८.१ ला आधार देणं थांबवलं.

आता ‘व्हेरिफाय’चं. महिनाभराने कुठलीतरी दुसरी अडचण येते, कोणी सांगतं व्हेरिफाय कर, तुम्ही करता. स्टीमला एक्झी बदललेली दिसते, तो ती ‘दुरुस्त’ करून मूळची ठेवतो. डीएलएल मात्र जागच्या जागी राहते, कारण जास्तीच्या फाइल्स स्टीम काढत नाही. म्हणजे मॉड लागलेला दिसतो, लॉगही बनतो, आणि गेम परत २ जीबीवर पडतो. ‘ठीक झालेली समस्या परत आली’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांचं हेच झालेलं असतं. व्हेरिफाय केलं की चौथी पायरी पुन्हा करायची, बस.

हे सगळं करूनही १००० येत असेल तर त्या नोंदीत ‘फॉल्टिंग मोड्यूल’ची ओळ वाचा. तिथे गेमच्या एक्झीचंच नाव असेल तर फाइल खराब असू शकते. नाव ‘एनव्ही’, ‘एटीआय’ किंवा ‘आयजीडी’ने सुरू होत असेल तर ते अनुक्रमे एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेलच्या ड्रायव्हरचे भाग. ‘गेमओव्हरले’ असं काही असेल तर स्टीमचं ओव्हरले (गेमवर उघडणारी स्टीमची खिडकी) बंद करून बघा. डी३डी९ असेल तर बिन फोल्डरमध्ये काय काय टाकलंय ते आठवा. डीएक्सव्हीके (डायरेक्टएक्सचं काम व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स पद्धतीने करून घेणारं साधन) आणि एफएफ१३फिक्स या दोघांच्या डीएलएलचं नाव हेच आहे, दुसरी टाकली की पहिली पुसली जाते. तसंही इंटेल एचडी ४००० सारख्या जुन्या ग्राफिक्सला विंडोजवर व्हल्कन नाही, तिथे डीएक्सव्हीके चालतच नाही.

४१०१: तापलेलं कार्ड

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खोलीत दुपारी त्याहून कमी नसतो. कार्ड स्वतःला आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत ७० अंशांवर चालणारं कार्ड मे महिन्यात त्याच गेममध्ये ९० ला टेकतं. हिवाळ्यात पास झालेली मशीन उन्हाळ्यात नापास होते ती यामुळे, ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीमुळे नाही.

एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवून अर्धा तास खेळा आणि ‘मॅक्झिमम’ रकाना बघा. कार्ड ८५ च्या पुढे जात असेल तर आधी साफसफाई. कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू असतात. ते धुळीसारखे उडून जात नाहीत. हीटसिंकच्या पात्यांमध्ये गादीसारखे बसतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो, गादी पंख्याच्या मागे असते. पंखा काढल्याशिवाय ती निघत नाही. रंगकामाचा मऊ ब्रश पुरेसा आहे. पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरने हवा मारू नका: टाकीत पाणी साचलेलं असतं, तेही उडतं, आणि मोकळा पंखा भन्नाट फिरून बेअरिंग जातं. हवा मारायचीच तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. थर्मल पेस्ट लावायची तर तुरीच्या दाण्याएवढी, जास्त नाही.

कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडणं ही आपल्याकडची आवडती चूक. हवा गार लागते खरी, पण ओली असते, आणि कूलरच्या पाण्यातले क्षार तिच्यासोबत बोर्डावर जाऊन बसतात. कूलरने खोली गार करा, खिडकी उघडी ठेवा, पीसी झोताच्या बाजूला ठेवा.

लॉंचरमध्ये अँटी-अलायझिंग आणि सावल्या सगळ्यात खालच्या पायरीवर आणा. १६ पट अँटी-अलायझिंग हा जुन्या कार्डाला मारायचा सोपा मार्ग आहे, आणि १०८० वर त्याचा डोळ्यांना फरक फार थोडा. लॅपटॉप असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. एका टक्क्याने टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा आपोआप वाढणारा वेग) बंद होतो आणि प्रोसेसर बराच थंड राहतो. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्सची तांब्याची नळी बहुधा एकच असल्याने कार्डालाही आराम मिळतो. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोजच्या ‘ग्राफिक्स’ सेटिंगमध्ये गेमची एक्झी ‘हाय परफॉर्मन्स’ला लावा. लाँचरची नाही, बिन फोल्डरमधली.

विंडोजच्या रजिस्ट्रीत टीडीआरची मुदत, म्हणजे ड्रायव्हरच्या उत्तराची वाट बघायची वेळ, वाढवायचा सल्ला सगळीकडे सापडतो. मूळ मुदत २ सेकंद आहे. तापलेल्या कार्डाला ८ सेकंद दिले तर पडदा २ ऐवजी ८ सेकंद गोठून मग काळा होईल. आधी तापमान.

४१: लाइन

इथे गेमचा दोष नाही. गावात रात्री थ्री फेज आली की शेतातल्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि डीपीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात व्होल्टेज १७०-१८० पर्यंत बसतं. त्याच वेळी गेममध्ये मोठी लढाई सुरू असेल तर कार्ड जास्त करंट मागतं आणि स्वस्तातला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मान टाकतो. म्हणून ‘मोठ्या राक्षसापाशीच बंद पडतो’ असं वाटतं.

एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचा. इनपुट १०० ते २४० लिहिलं असेल तर १७० चं त्याला फार काही नाही. फक्त २०० ते २४० किंवा नुसतं २३० असेल तर स्टॅबिलायझर हवाच. मागे लाल रंगाची ११५/२३० ची कळ असेल तर तिला हात लावू नका. व्होल्टेज कमी येतंय म्हणून ११५ वर केली आणि मोटारी बंद होऊन लाइन परत २३० झाली, की एसएमपीएस जळालाच.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागे मोडची कळ शोधा. ‘नॉर्मल’ मोडमध्ये लाइनवरून बॅटरीवर जायला जो वेळ लागतो त्यात पंखा-बल्ब टिकतो, पीसी रीस्टार्ट होतो. ‘यूपीएस’ मोड ठेवा. त्या मोडमध्ये तो कमी व्होल्टेजलाही लवकर बॅटरीवर जातो, त्यामुळे रात्री मोटारींच्या वेळेत बॅटरी जास्त खर्ची पडेल, तेवढं धरून चाला. ६०० व्हीएचा साधा यूपीएस गेम खेळायला नाही. सेव्ह करून शटडाउन करायला जी पाच-दहा मिनिटं मिळतात, त्यासाठी आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग सुकलेलं आहे. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकत जा.

आणि सेव्ह. या गेममध्ये कुठेही सेव्ह होत नाही, सेव्हच्या ठरलेल्या जागीच होतं. दिसली जागा की सेव्ह, आणि एकाच स्लॉटवर नाही, आळीपाळीने तीन स्लॉटवर. लिहिता लिहिता लाइन गेली तर तो एकच स्लॉट बिघडेल. फाइल्स डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरमध्ये असतात. आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या. विंडोजचं यूजर नाव मराठीत ठेवलेलं असेल तर जुने प्रोग्राम अशा फोल्डरचा रस्ता कधीकधी चुकतात. सेव्हच होत नसेल तर इंग्रजी नावाचं दुसरं खातं काढून बघा.

७ आणि १५३: डिस्क

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर (वाचता न आलेल्या जागांचा आकडा) शून्याशिवाय काही असेल तर ती डिस्क भरवशाची नाही. गेम दुसऱ्या डिस्कवर हलवा आणि व्हेरिफाय करा. व्हेरिफाय सगळा गेम उतरवत नाही, खराब तुकडेच मागवतो, त्यामुळे डेटाची भीती नको. तालुक्याला कोणाकडे हाच गेम असेल तर त्याचं फोल्डर आणून आपल्या स्टीमच्या ‘कॉमन’ फोल्डरमध्ये ठेवा आणि मग ‘इन्स्टॉल’ दाबा. आहे ते सोडून उरलेलंच उतरतं. गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला मात्र हवा. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या.

बंद पडत नाही, पण अडखळतो

दर थोड्या वेळाने एक झटका बसत असेल तर गेम नवीन कंट्रोलर लागला का ते सारखं शोधत असतो. एफएफ१३फिक्स हा शोध थांबवतो. बदल्यात एवढंच, की कंट्रोलर गेम उघडण्याआधी लावायचा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पॅडना गेम ओळखत नसेल तर स्टीमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कंट्रोलर’खाली स्टीम इनपुट चालू करा, पॅड गेमला एक्सबॉक्सचा म्हणून दिसतो.

फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढवायच्या आयएनआय सेटिंग फाइल्स दुसऱ्या गेमच्या सल्ल्यावरून लावू नका. पहिल्या डार्क सोल्सच्या पीसी पोर्टमध्ये फ्रेमची मर्यादा ३० वरून ६० केली की शिडीवरून घसरताना खेळाडू जमिनीतून आरपार जायचा, कारण खेळाचं गणितच फ्रेमला बांधलेलं होतं.

यानंतरही अडलं तर विचारताना एवढं लिहा: इव्हेंटचा क्रमांक, फॉल्टिंग मोड्यूलचं नाव, कमिट साइझचा शेवटचा आकडा, कार्डाचं कमाल तापमान, विंडोज किती बिटचं, आणि बंद पडला तेव्हा मोटारी चालू होत्या का.